घड्याळ म्हणते चारशे तीस, पण काटा जागचा हलेना

मागच्या अंकात वजनाबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि काही विचारायचं असेल तर पत्र नाहीतर मेसेज पाठवा म्हटलं होतं, तर यावेळी आलेल्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, की मी एवढं चालतो, एवढी राबते, तर कॅलरी नेमक्या जळतात किती आणि मग वजन काऊन उतरत नाही. म्हणून हा अख्खा रकाना त्यालाच दिला. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, म्हणून कोणाचीच छापली नाहीत.

मॅडम, मी दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. वय ४४, वजन ७८. मुलानं वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं तेव्हापासून रोज पहाटे पाच किलोमीटर चालून राहिलो, तासभर लागतो. घड्याळ रोज ४२०-४३० कॅलरी दाखवते. त्या हिशोबानं परत येताना चौकात एक प्लेट तर्री पोहे खातो, कारण तेवढं तर जाळलंच असते. तीन महिने झाले, वजन ७८ चं ७८. घड्याळ खराब आहे का माझं शरीर?

सर, शरीर एकदम ठीक आहे, आणि घड्याळही जे त्याला जमते तेवढं करूनच राहिलं आहे. फक्त तो आकडा म्हणजे मोजमाप नाही, अंदाज आहे, हे डब्यावर कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, म्हणजे एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागते तेवढी उष्णता. माणूस नुसता शांत बसून असला तरी हृदय, मेंदू, श्वास हे सगळं चालूच असते, त्यात दर किलो वजनामागं तासाला साधारण एक कॅलरी जाते. या बसल्या खर्चाला १ मेट म्हणतात आणि मग बाकीची कामं त्याच्या किती पट हे अभ्यासकांनी माणसांच्या तोंडाला मास्क लावून, श्वासातला ऑक्सिजन मोजून काढलं, त्याची मोठी यादी अमेरिकेत १९९३ मध्ये पहिल्यांदा छापली आणि नंतर सुधारत सुधारत २०२४ पर्यंत आणली. तुमचं तासाला पाच किलोमीटर चालणं त्यात साधारण साडेतीन मेटच्या आसपास बसते. आता गणित तुम्हीच फळ्यावर मांडा, ७८ किलो गुणिले साडेतीन, २७३ कॅलरी. आणि या २७३ मधल्या ७८ तर तुम्ही तो तासभर खाटेवर पडून राहिले असते तरी गेल्याच असत्या, म्हणजे चालल्यामुळे जास्तीच्या गेल्या त्या फक्त १९५. घड्याळाचे ४३० कुठं आणि १९५ कुठं!

आता पोह्याची प्लेट पाहा. साठेक ग्रॅम सुके पोहे धरले तर त्याच्याच दोनशेच्या वर होतात, मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या जवळपास, कारण एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, मग वरून चण्याची तर्री, तिच्यावरचा लाल तवंग, शेव. चारशेच्या खाली ती प्लेट काही राहत नाही. तरीही तुमचं वजन वाढलं नाही म्हणजे चालण्यानं तुम्हाला धरून ठेवलं आहे, हे लक्षात घ्या आणि चालणं सोडू नका. पोहे रोजचे बंद करून रविवारवर आणा, एवढंच.

घड्याळ चुकते कसं ते पण सांगते. त्याच्यात हात हलल्याचं समजणारा एक तुकडा असतो आणि कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडीचे ठोके मोजायची सोय असते. या दोन गोष्टी आणि तुमचं वय, वजन, उंची घेऊन ते एका सूत्रात घालते, आणि ते सूत्र सरासरी माणसाचं आहे, तुमचं नाही. मुलानं सेटिंग करताना स्वतःचं वय-वजन टाकलं असंल तर आजच दुरुस्त करा, असं मी चार-पाच घरांत पाहिलं आहे. ठोके उन्हानंही वाढतात, चहानं वाढतात, टेन्शननं वाढतात, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात नुसतं ओसरीत बसलं तरी वाढतात, आणि घड्याळाला वाटते माणूस मेहनत करून राहिला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हातावर बांधायची सात यंत्रं ६० लोकांवर तपासली, तर ठोके बहुतेकांनी चांगले मोजले पण कॅलरीत एकही यंत्र बरोबर निघालं नाही, सगळ्यात बरं होतं ते सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.

मग करायचं काय, तर हिशोब उलट्या बाजूनं काढायचा, म्हणजे काट्यावरून. अंगातली एक किलो चरबी साधारण ७७०० कॅलरीची धरतात. चार आठवडे एकाच काट्यावर, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा, आठवड्यातून तीन-चारदा, आणि शाळेच्या वहीत मांडून दर आठवड्याची सरासरी काढा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. समजा चार आठवड्यांत सरासरी ८०० ग्रॅमनं उतरली, तर ०.८ गुणिले ७७०० म्हणजे ६१६०, भागिले २८ दिवस, रोजची २२० ची तूट. ही तूट तुमच्या अंगातून आलेली आहे, तिच्यात तुमचं चालणं, खाणं, झोप, वावरातली रविवारची चक्कर, सगळं आपोआप आलं. हाही अंदाजच, पण तुमचा स्वतःचा, आणि जेवढे महिने मांडाल तेवढा पक्का होत जाईल. सरासरी हललीच नाही तर खाणं आणि खर्च सारखे आहेत समजा, आणि ताटातून थोडं काढा. घरी काटा नसेल तर उपकेंद्रातला चालतो, फक्त दरवेळी तोच पाहिजे.

काट्यासोबत एक सुती दोरी पण ठेवा. कमरेला, बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून गुंडाळायची, पोट आत ओढायचं नाही, आणि जिथं टोक येते तिथं गाठ मारायची. महिन्यानं पुन्हा. गाठ आत सरकली तर काट्यानं काहीही म्हणो, चरबी उतरून राहिली. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईचा ८० च्या आत असावा असं आपल्या लोकांसाठी धरतात.

ताई, मी दारव्हा तालुक्यातली. चार एकर वावर हाय, कापूस अन् तूर. मी रोज वावरात जाते, निंदाले, वेचाले, घरी आली का सैपाक, धुणं, म्हशीचं पाहणं. वय ४६, वजन ६८. डॉक्टरनं सांगतलं का साखर वाढली, गोळी सुरू केली अन् म्हणे व्यायाम करा, रोज फिराले जात जा. दिवसभर राबते तो व्यायाम नाही का? सकाळी बाई रोडनं फिराले निघाली का लोकं हासतात. पोरीच्या मोबाईलमंदी पाह्यलं तं कापूस वेचाच्या किती कॅलरी जातात ते त्याच्यात देतच नाही.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिलं उत्तर सरळ देते, हो, तुमचं राबणं व्यायामच आहे, आणि भरपूर आहे. मोबाईलमध्ये कापूस वेचणं नसते कारण ते ॲप बनवणाऱ्यानं कधी ओटी बांधून ओळ धरली नाही. बागेतलं तण काढणं त्या यादीत साडेतीन ते पाच मेटच्या मधात आहे, आपलं निंदण त्याच्यातच धरा, वेचा थोडा हलका धरा. सहा तास खरोखर हात चालला असं धरलं आणि साडेतीनचाच आकडा घेतला, तर बसल्या खर्चाच्या वर तुमच्या हजारेक कॅलरी जातात. दर्यापूरचे सर पहाटे चालून १९५ काढतात, त्याच्या पाचपट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे दिले त्यात ५५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात आणि मेहनतीचं काम करणारीला २७२०. एवढा मोठा फरक आहे तो.

आणि हातातल्या घड्याळाला हे काम दिसतच नाही बरं. भाकर थापताना हात हलतो तर ते पावलं मोजते, आणि डोक्यावर घमेलं घेऊन दोन्ही हातांनी धरून बांधावरून चाललं तर हात स्थिर म्हणून पावलं मोजत नाही. तेव्हा पोरीचं ॲप सोडा.

मग वजन आणि साखर कुठून आली? मला यात दोन-तीन गोष्टी दिसतात. एक म्हणजे हंगाम. मृगापासून भादव्यापर्यंत निंदण, डवरणी, मग दिवाळीपासून वेचा, तुरीची सोंगणी, इथपर्यंत अंग चालते, पण शेवटचा वेचा झाला की होळीपासून पुढच्या पेरणीपर्यंत काम निम्म्यावर येते आणि ताट मात्र तेवढंच राहते, वरून लग्नसराई. वर्षाला दोन किलो असंच चढलं तरी आठ-दहा वर्षांत किती होते पाहा. दुसरं म्हणजे रोजच्या मेहनतीला शरीर सवयीचं होते आणि दुसरीकडं खर्च आवरते. आफ्रिकेतल्या टांझानियात हाड्झा नावाचे लोक आहेत, शिकार करून आणि कंदमुळं खणून राहतात, दिवसभर पायी. त्यांचा दिवसाचा खर्च २०१२ मध्ये मोजला तेव्हा, अंगाच्या आकाराचा हिशोब धरून, खुर्चीवर बसणाऱ्या अमेरिकन-युरोपियन लोकांएवढाच निघाला. म्हणून वर जो हजार लिहिला तो सगळाच्या सगळा वजनातून उतरंल असं धरून चालता येत नाही, मेहनत कितीही असली तरी वजनाचा जास्त निकाल ताटातच लागतो.

आता ताट म्हटलं की आपल्याकडच्या बाया पहिले भाकर कमी करतात, ते करू नका. चहा पाहा. घरी दोन, वावरात दोन, कोणी आलं की एक, असे पाच कप आणि कपात दोन चमचे साखर, एका चमच्यात २० कॅलरी, म्हणजे २०० कॅलरी नुसत्या साखरेच्या, आणि तुम्ही तासभर रोडनं फिरल्या तर जास्तीच्या जातात १७०. शिवाय तुमच्या रक्तात साखर आहेच वाढलेली. आधी दोनाचा एक चमचा, महिन्यानं अर्धा. मग तेल. पाच माणसांच्या घरात महिन्याला तेलाचे किती पॅकेट लागतात ते मोजा, कढईत धार सोडू नका, चमच्यानं टाका. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकर आणि पातळ वरण, असं तुमचं जेवण असंल तर तेही बदला, तुरीचं वरण घट्ट, मोड आलेले मूग, खात असाल तर अंडं, वाटीभर ताक, हे पहिल्या घासापासून तुमच्याही ताटात पाहिजे. सगळ्यांच्या शेवटी जेवून कोणाचं भलं होत नाही ताई.

डॉक्टर फिरा म्हणाले ते कॅलरीसाठी कमी आणि साखरेसाठी जास्त म्हणाले असतील. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, रात्रीच्या जेवणानंतर ही गोष्ट दिवसभराच्या वाकून केलेल्या कामानं होत नाही कारण रात्री जेवून आपण सरळ आडवं होतो. यासाठी रोडवर जायची गरज नाही, अंगणात फेऱ्या मारा, ओसरीत मारा, पोरीला सोबत घ्या. हासणाऱ्यांना दिसणारही नाही.

आणि हे नक्की करा, तुमच्या गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरले विचारा की या गोळीनं साखर एकदम खाली येते का. काही गोळ्यांनी येते. तशी असंल तर चहावर वावरात जायचं नाही, काहीतरी खाऊनच जायचं, आणि पदराला गुळाचा खडा बांधून ठेवायचा. हातपाय कापले, दरदरून घाम आला, डोळ्यापुढं अंधारी आली की तो खायचा आणि बांधावर बसायचं.

आमच्या गावाहून शेगावला पायी वारी जाते, ६२ किलोमीटर, दोन दिवस. यंदा मीही गेलो. वजन ७० आहे. वाटलं होतं दोन-तीन किलो तरी उतरंल, तर घरी येऊन पाहतो तर सव्वा किलो वाढलं! असं कसं?

भाऊ, हे पाणी आहे, चरबी नाही. एवढं चालायची सवय नसली की पायाचे स्नायू आतून दुखावतात आणि भरून यायला तिथं पाणी धरून ठेवतात, वाटेत जागोजागी खिचडी, बुंदी, चहा-नाश्ता मिळतो त्यातलं मीठही पाणी धरते, आणि स्नायूत साठणाऱ्या साखरेसोबत तिच्या तिप्पट वजनाचं पाणी येते. आठ दिवसांनी पुन्हा वजन करा, उतरलेलं दिसंल. पण दोन-तीन किलोची आशा मुळातच जास्त होती. चालण्याचा जास्तीचा खर्च किलोमीटरला दर किलो वजनामागं साधारण अर्धी कॅलरी, म्हणजे ६२ गुणिले ७० गुणिले अर्धा, २१७० कॅलरी. ७७०० नं भागलं तर पाव किलोच्या थोडं वर. वारी महाराजांसाठी केली ती मनात ठेवा, तिचा वजनाशी संबंध लावू नका.

ताई, मी मेहकर तालुक्यातली, वय ३१, वजन ६४, उंची १५५ सेंमी. बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. बाळंतपणात वाढलेलं वजन कमी करायचं म्हणून ॲप घेतलं, त्यानं १२०० कॅलरी खा सांगितलं. घरी यूट्यूबवर पाहून अर्धा तास व्यायाम करते. दीड महिना झाला, चार किलो कमी झालं पण चक्कर येते, केस जातात, आणि बाळ आता लवकर रडतं. व्यायामाच्या कॅलरी जास्त जळाव्या म्हणून काय करू?

बाई गं, काहीच जास्त जाळू नको. आधी जेव.

तुझं गणित मी मांडलं. १९९० साली निघालेलं एक सूत्र आहे, तेच बहुतेक ॲपमध्ये वापरतात. वजनाला १० नं गुण, उंचीला सव्वासहानं गुण, दोन्ही मिळव, त्यातून वयाची पाचपट काढ आणि बाईसाठी १६१ काढ. तुझं येते १२९३. हे नुसतं पडून राहिलं तरी लागणारं. ॲपनं तुला त्याच्याही खाली ठेवलं आहे. घरकाम, बाळ, अर्धा तास व्यायाम धरून १८०० च्या आसपास होतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला बाळाच्या सातव्या महिन्यापासून वर्षापर्यंत वरून रोज ५२० कॅलरी लागतात असं पोषण संस्थेनंच दिलं आहे. म्हणजे २३०० च्या वर लागतात आणि तू १२०० वर आहेस. चार किलो उतरलं त्यात चरबीसोबत तुझे स्नायू पण गेले असतील, आणि ही चक्कर व्यायाम कमी पडल्याची नाही, भुकेची आहे.

ॲपमध्ये तू बाळाला पाजतेस हे टाकायची जागा तरी होती का, बघ. आणि अशा ॲपची आणखी एक गोम आहे, 'तुम्ही किती हालचाल करता' यात 'मध्यम' निवडलं की व्यायाम त्यात आला, मग वरून घड्याळाच्या कॅलरी वेगळ्या टाकल्या की तोच व्यायाम दोनदा मोजल्या जातो. तुझ्या बाबतीत उलटं झालं आहे, पण बाकी वाचणाऱ्यांनी हे पाहून घ्यावं.

आजपासून २००० च्या खाली जाऊ नको. दोन वेळची पूर्ण जेवणं, मधात मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, दूध, अळिवाची खीर, हिरवी भाजी. वजन महिन्याला एक किलोच्या वर उतरायला नको. आणि आशाताईला सांगून या आठवड्यातच हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, चक्कर आणि केस या दोन्ही गोष्टी त्याच्यानंही होतात. बाळाचं वजन अंगणवाडीत कार्डावर मांडलेलं आहे का तेही बघ, आणि घरात कोणी 'जाड झाली' म्हणत असंल तर हे पान वाचून दाखव.

मॅडम, मी अकोट तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. वजन ६२. १६०० मीटरचा टायमिंग येऊन नाही राहिला म्हणून तीन किलो कमी करायचं ठरवलं. रेनकोट घालून धावतो, रोज पाच किमी. एका वेळी किलोभर उतरते. १६०० मीटरमध्ये किती कॅलरी जळतात?

बेटा, धावण्यात किलोमीटरला दर किलो वजनामागं साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे १६०० मीटरच्या शंभरेक आणि पाच किलोमीटरच्या ३१०. किलोभर चरबीला ७७०० लागतात, तर एका सकाळी किलो कुठून उतरंल? तो घाम आहे, दोन तांबे पाणी प्यालास की परत येतो.

रेनकोट आजच काढून ठेव. घाम कातडीवर वाळला तरच अंग थंड होते, रेनकोटमध्ये तो वाळतच नाही, आतली उष्णता चढत जाते आणि यात जीव जाऊ शकतो, तरण्या, धडधाकट पोराचा सुद्धा. ६२ किलोच्या पोराचा टायमिंग वजनानं नाही, सरावानं येतो. रोज एकाच गतीनं पाच किलोमीटर काढण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरचे चार-पाच तुकडे जोरात, मधात दोन-तीन मिनिटं चालणं, एक दिवस लांबचं हळू, एक दिवस पूर्ण आराम. १०० मीटर आणि गोळाफेकीलाही ताकद लागते, ती उपाशी पोटी येणार नाही. जायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळ, आल्यावर तासाभरात भिजवलेला हरभरा, अंडी किंवा दूध, मग रोजचं जेवण पोटभर.

उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत संपव. धावताना मळमळलं, डोकं ठणकायला लागलं, बोलताना जीभ अडखळली की तिथंच थांबायचं, सावलीत आडवं व्हायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि सरळ दवाखान्यात जायचं. अशा वेळी आपलं आपल्याला समजत नाही, म्हणून ग्राउंडवर एकटा जात जाऊ नको, रोज कोणीतरी सोबत घेऊन जा.